गोळीपुऱ्याचं गेट

मलकापूरहून मोताळ्याकडे एस.टी.नं येताना डाव्या हाताला आता नुसती बाभळीची दाटी दिसते. तिथं चॉकलेटचा कारखाना होता म्हटलं की आजची पोरं हसतात. कपाशीच्या रानात चॉकलेट? हसा बापहो. पण होता. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी भगवानरावांनी तो काढला आणि दहा वर्षं चालवला. मी शेषराव, तिथला टाइमकीपर. मला अंदाजपंचे बोललेलं खपत नाही, म्हणून जे सांगतो ते घडलं तसंच सांगतो. त्यातलं काही मला स्वतःला पटत नाही, तो भाग वेगळा.

कोकोची पोती रेल्वेनं मलकापूरला उतरायची आणि बैलगाडीनं कारखान्यात यायची. दूध आसपासच्या गावांचं. मोठमोठ्या कढयांमध्ये साखर, दूध, कोको आटायचं, साच्यात पडायचं, थंड झालं की चाळीस बाया लांब टेबलांवर बसून एकेक वडी मोराच्या चित्राच्या लाल कागदात गुंडाळायच्या. कारखान्याला लागून भगवानरावांनी कामगारांसाठी क्वार्टरं बांधली. चार ओळी, अठ्ठेचाळीस घरं, नळ, दवाखाना, बालवाडी. गावातले लोक त्या वस्तीला गोळीपुरा म्हणायचे. तिथं सगळ्याला चॉकलेटचा वास. लुगड्यांना, गोधड्यांना, पिठाला. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी खूष व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचा, डोकं उठलं बाप्पा.

वास सगळ्यांना, चव मात्र कोणालाच नाही. मालकांचा दंडक होता, की कामगारानं माल तोंडात घालायचा नाही. म्हणून गेटवर जीभ पाहायची पद्धत होती. सुटी झाली की बाया ओळीनं यायच्या. एकेकीनं तोंड उघडून जीभ बाहेर काढायची, मी बॅटरीचा उजेड टाकून पाहायचा, हजेरीबुकात शेरा लिहायचा आणि मग म्हणायचं, ‘जा’. मी ‘जा’ म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही. शेरा दोनच प्रकारचा. ‘स्वच्छ’ किंवा ‘तपकिरी’. बायामाणसांची तोंडं अशी उघडी करून पाहायची, याची आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान होता.

माझी जीभ पाहणारं मात्र तिथं कोणी नव्हतं.

अडुसष्ट साली माझ्या सिंधूला मुदतीचा ताप आला. सात वर्षांची पोर, एकुलती एक. ताप उतरला, पण अन्न जाईना. वरण दिलं की ओकायची, पेज दिली की तोंड फिरवायची. एक दिवस माझ्या सदऱ्याला नाक लावून म्हणाली, “बाबा, तुमच्या आंगाले रोज चॉकलेटचा वास येते. मले काऊन देत नाही?”

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातला वड्यांचा एक डबा माझ्या जेवणाच्या पिशवीत घालून घरी आणला. भरलेला, सीलबंद. मागितला असता तर मालकांनी दोन वड्या दिल्या असत्या, नाही असं नाही. पण मागायला मला कमीपणा वाटला. सिंधूनं एक वडी खाल्ली, मग अर्धी भाकर खाल्ली. आठवड्यात पोर अंगणात खेळायला लागली. बायकोला, कौशल्याला, मी सांगितलं की मालकांनी दिला.

डबा गेल्याचं कळल्यावर मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, “शेषराव, गेट तुमच्या ताब्यात. शनिवारपर्यंत चोर पाह्यजे. नाही तं तुमी अन् तुमचं क्वार्टर दोन्ही मोकळं करा.”

त्या शनिवारी सकाळी गोजरबाई आमच्या दारात बसली होती. ती वड्या गुंडाळणाऱ्या बायांतली, क्वार्टरांच्या आमच्याच ओळीत शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिचं तोंड आलं होतं, जिभेला फोड. कौशल्यानं काथ उगाळला आणि बोटानं तिच्या जिभेच्या डाव्या कडेला लावला. गोजरबाई हसत म्हणाली, “माय वं, रंगलं आता तोंड. पान न खाता नवरी झाली मी.” दोघी खिदळल्या. मी उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होतो. मी हे पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी ती ओळीत आली. जीभ काढली. मी उजेड टाकला. डाव्या कडेला चिंचोक्याएवढा तपकिरी डाग.

मी ‘जा’ म्हणायच्या आधी तीच बोलली, “काथ हाय भाऊ. वहिनीनं सकाऊन देल्ला ना. तुमी तं तठीच होते.”

“तोंड उघडं ठेव,” मी म्हणालो.

“नीट पाह्यजा भाऊ,” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा जीभ काढली. मी ‘तपकिरी’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. मग मी मालकांना बोलवायला गेलो. परत आलो तेव्हा ती तशीच उभी होती, जीभ बाहेर, लाळ हनुवटीवरून पदरावर गळत होती. मी ‘जा’ म्हटलं नव्हतं ना. ओळीतल्या एकोणचाळीस बाया खाली पाहत होत्या. मालकांनी एकदा तिच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, “घर खाली कर.” वॉचमन तिला दंडाला धरून घेऊन गेला. तेव्हाही तिचं तोंड उघडंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच फाशी देणारा.

दोन दिवसांत ती एक गाठोडं घेऊन धाड गावी भावाकडे गेली. कौशल्यानं मला विचारलं, “मी देल्ता तिले काथ. तुमी सांगतलं नाही का मालकाले?”

“काथ तसा नसते,” मी म्हणालो. “मी उजेडात पाह्यलं.”

“बरं,” एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी मी नळावर तोंड धूत होतो. शेजारच्या वच्छलाबाईनं घागर खाली ठेवली, माझ्याकडे वळली आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढली. मला वाटलं टोमणा मारते आहे. रागच आला.

“काय वं बाई, चेष्टा करता काय?”

ती तशीच उभी. डोळे माझ्यावर, पण त्यात चेष्टा नव्हती. काहीच नव्हतं. घागर भरून वाहत होती. शेवटी माझ्या तोंडून सवयीनं ‘जा’ निघालं. तिनं तोंड मिटलं, घागर उचलली, म्हणाली, “काऊन खेकसता सकाऊन सकाऊन? काय केलं मी?”

तिला ठाऊकच नव्हतं.

मग मोताळ्याला जाताना कंडक्टर. तिकीट फाडून दिलं, सुटे पैसे दिले आणि तोंड उघडलं. मग न्हावी, वस्तरा माझ्या गळ्याशी धरून. मग दवाखान्यात एका बाईच्या मांडीवरचं सहा महिन्यांचं लेकरू. मी ‘जा’ म्हणायचो, ते मिटायचे. बाजूच्या माणसांना काही दिसत नव्हतं, किंवा दिसून लक्षात राहत नव्हतं. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. मनाला समजावलं की चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण मी नेमकेपणाचा गडी. मी त्या जिभा पाहिल्या होत्या. प्रत्येकीवर डाव्या कडेला चिंचोक्याएवढा तपकिरी डाग होता. लेकराच्याही.

पंधरा दिवसांनी सिंधू जेवताना माझ्याकडे वळली. पहिला घास हातात, तोंड उघडं, जीभ बाहेर.

“जा,” मी म्हणालो.

तिनं तोंड मिटलं आणि घास खाल्ला. दुसऱ्या घासाला पुन्हा तेच. त्या दिवशी मी सतरा वेळा ‘जा’ म्हणालो. कौशल्या भाकरी थापता थापता थांबून पाहत होती.

तीन दिवसांनी ‘जा’ म्हणूनही तिचं तोंड मिटेना. घास भरवला की जिभेवरून खाली पडायचा. पाणी ओघळून जायचं. मी कामावर गेलो की ती दारात बसायची, गेटकडे तोंड करून, जीभ काढून. कौशल्यानं आत नेलं की भिंतीकडे, पण गेटच्याच दिशेला. झोपेत तेवढं मिटायचं. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला, कानात पाहिलं, म्हणाले, “हाडात काही दोष नाही. मलकापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या.” तापातून उठलेली पोर, अंगावर आधीच मूठभर मांस. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांखाली खळगे पडले आणि ती उभी राहीना.

कौशल्या तिला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “धाडले जाऊन या.”

मी विचारलं नाही कशाला. तिनंही सांगितलं नाही.

बुलढाण्याला गाडी बदलून मी धाडला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथला बाजारचा दिवस. जिपा, बैलगाड्या, मिरच्यांचा ठसका, ‘घ्या मेथी, घ्या वांगे’ असा गलका. कोणीतरी सांगितलं होतं की गोजरबाईचा भाऊ कारभारी बाजाराच्या पार टोकाला भाजी विकतो. मी वाटेनं चालू लागलो.

पहिली एक कांदेवाली. ओरडता ओरडता माझ्याकडे वळली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. जीभ बाहेर आली.

तिच्या शेजारचा लसूणवाला.

त्याच्या समोरचं गिऱ्हाईक, हातात पिशवी धरून.

मी ‘जा’, ‘जा’ म्हणत गेलो. कोणी मिटेना.

मी पुढं जाईन तसा माझ्या दोन्ही अंगांचा गलका बंद पडत होता. उघड्या तोंडानं ओरडता येत नाही. तराजू हवेत थांबले. मागं वळून पाहिलं तर अख्खी वाट माझ्याकडे तोंड करून उभी होती. बाया, बापे, कडेवरची लेकरं. उन्हात त्यांच्या जिभा ओल्या दिसत होत्या आणि प्रत्येकीवर तो डाग.

माशा घोंघावत होत्या. तेवढाच आवाज.

टोकाला गोजरबाई बसली होती. पुढ्यात पालकाच्या जुड्या. त्या सगळ्या बाजारात एक तिचंच तोंड मिटलेलं होतं. ओठ आत ओढून, घट्ट. तिच्या शेजारी कारभारी, जुडी हातात, जीभ बाहेर.

मी तिच्या पुढ्यात उकिडवा बसलो.

“गोजरबाई,” मी म्हणालो. “डबा मी नेला होता. माझ्या पोरीसाठी. अन् काथ होता, हे मले मालूम होतं.”

ती पाहत राहिली.

“माझी पोरगी मरून राह्यली बाई.”

ती पाहत राहिली. तिच्या गालाची हाडं वर आली होती.

“उद्या गेटवर सांगतो. मालकापुढं, सगळ्या बायांपुढं. तुमचं घर तुमाले परत भेटन. सिंधूची शपथ.”

तिनं तोंड उघडलं. किती दिवसांनी उघडलं होतं कोण जाणे, ओठ सुटताना आवाज आला. आत जीभ साफ होती, गुलाबी.

“जा,” ती म्हणाली.

एकदम बाजाराचा गलका कानावर आदळला. कारभारी जुडी पाण्यात बुडवत म्हणाला, “कोन पाह्यजे भाऊ?” आणि मग बहिणीकडे पाहून चकित झाला. “अवं, तू बोल्ली? आली तैपासून एक शबुद नाही हिच्या तोंडात. तुमी कोन म्हना तं?”

“ओळखीचा,” मी म्हणालो. “सहज आलो होतो.”

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सिंधू चुलीजवळ बसून दूधभात खात होती. भराभर, दोन्ही गाल फुगवून. कौशल्या रडत होती आणि हसत होती. “चार वाजता मिटलं तोंड,” म्हणाली. “मग म्हणे, आई, भूक लागली.” मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, खात राहिली. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर ओळ लागली. मालकही योगायोगानं तिथंच उभे होते. काय बोलायचं ते मी पाठ करून गेलो होतो. पहिली वच्छलाबाई आली, जीभ काढली, साफ. ‘स्वच्छ’ लिहिलं. म्हटलं, दुसरीनंतर सांगू. दुसरी झाली. दहावी झाली. मी ‘जा’, ‘जा’ म्हणत होतो आणि त्या नेहमीसारख्या जात होत्या. एकीच्याही जिभेवर डाग नव्हता. वीस झाल्या. मनात म्हणत होतो, पोरगी तर जेवायला लागली. आता सांगून नोकरी घालवायची, घर घालवायचं आणि बरी झालेली पोर कुठं न्यायची? शेवटची बाई गेटाबाहेर गेली.

“काय शेषराव, सब ठीक?” मालकांनी विचारलं.

“हो मालक,” मी म्हणालो.

हे आयुष्यातलं माझं सर्वांत हलकट वाक्य. पहिल्या वेळी निदान भीती होती. या वेळी तर माझं काम झालं होतं आणि पोरीच्या नावानं खाल्लेली शपथ मी गिळून टाकली.

काही दिवस मी धसका घेऊन होतो. रोज सिंधूच्या ताटाकडे पाहायचो. काही झालं नाही. नळावर, गाडीत, बाजारात माणसं माणसांसारखी वागत होती. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, क्वार्टरांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या. मालक वारले. बाया कुठं कुठं पांगल्या. आम्ही मोताळ्यात घर केलं. सिंधूचं लग्न शेगावला झालं, तिला दोन लेकरं आहेत, चांगली गुटगुटीत. गोजरबाईनं कधी निरोप पाठवला नाही, की आली नाही.

गेल्या सोमवारी दुपारी एक म्हातारा पत्ता विचारत आमच्या घरी आला. धाडचा कारभारी. म्हणाला, “बहीण गेली. तेरावं झालं. तुमाले सांगावं वाटलं.” कौशल्यानं त्याला चहा दिला. तो बशी फुंकत बोलत राहिला. “त्या दिवसापासून चांगली बोले, चाले. पण दर बाजारले एस.टी. आली का उठून पाहे. म्हणे, आज येईन शेषरावभाऊ, मालकाची चिठ्ठी घेऊन. मले घराची चावी भेटनार हाय. वीस वर्षं पाह्यलं तिनं. कायची चिठ्ठी हो भाऊ?”

मी म्हणालो, “मले नाही मालूम.”

कौशल्या कपबशी घेऊन आत गेली.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. गेटवर जीभ चावून गप्प राहिलो त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो, तेव्हा कौशल्या भाकरी हातात घेऊन ताटापुढं थांबली होती. आणि मी तोंड उघडून जीभ काढली होती. का, ते मला सांगता येणार नाही. मी ठरवलं नव्हतं, जबडा आपोआप उघडला. तिनं वाकून पाहिलं, भाकर वाढली, मी जेवलो. तेव्हापासून दोन्ही वेळा, वीस वर्षं, हे असं चाललं आहे. ती कधी काही बोलली नाही. पाहुणे असले तरी चुकलं नाही, आणि पाहुण्यांना कधी दिसलं नाही. सवय झाली होती. माणसाला कशाचीही होते.

सोमवारी संध्याकाळी तिनं पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग ताटातली भाकर उचलून टोपल्यात परत ठेवली, वर फडकं झाकलं आणि ताट घेऊन गेली. तेव्हा कुठं माझं तोंड मिटलं. नंतर मी चोरून टोपल्यातली भाकर घेतली, पण तोंडाशी नेली की जबडा उघडतो आणि तसाच राहतो. घास बाहेर पडतो. पाणीसुद्धा ओघळून जातं. आरशात शंभरदा पाहिलं. जीभ साफ आहे. गोरीगुलाबी.

मंगळवारीही तेच. बुधवारी मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. डबा, काथ, धाडचा बाजार, शपथ. वीस वर्षांचं सगळं. रडलो सुद्धा. ती गहू निवडत होती.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “काथ मीच तं देल्ता. तुमी कवा सांगता ते पाहून राह्यली होती मी.”

“आता सांगितलं ना कौशल्या.”

“मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “गेटवर सांगाचं होतं.”

आज गुरुवार. सकाळी मी कसाबसा जुन्या जागेवर जाऊन आलो. गेट नाही, ओळ नाही, बाभळीच बाभळी. तिथं उभं राहून मोठ्यानं सांगितलं. दोन बकऱ्या चरत होत्या. म्हणून आता तुम्हाला सांगून राहिलो, जो भेटेल त्याला सांगून राहिलो.

आत भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. ती रोज माझ्या वाटच्या दोन भाकरी करते, चुकत नाही, आणि सकाळी गाईला घालते. ताट मांडल्याचा आवाज झाला.

“हात धुवा,” ती आतून म्हणते आहे. “या, पाह्यते.”